उभा माणूस, आडवा माणूस आणि थंडी

बर्फाच्या पाण्यात हात बुडवला की कळ येते, हे तुम्हांला ठाऊकच आहे. पण त्याच वेळी रक्तदाबही चढतो, हे ठाऊक आहे का? १९३२ साली हाइन्स आणि ब्राऊन या अमेरिकन डॉक्टरांनी यावरून एक चाचणी सुचवली. माणसाला आडवे निजवून विश्रांती द्यायची, रक्तदाब मोजायचा आणि मग त्याचा हात मनगटाच्या वरपर्यंत ४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात एक मिनिट ठेवायचा. निरोगी माणसाचा वरचा रक्तदाब सामान्यतः पाऱ्याच्या १० ते २० मिलिमीटरांनी वाढतो. कारण थंडी लागताच मज्जातंतूंमार्फत संदेश जातो आणि लहान रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. अरुंद नळ्यांतून तेवढेच रक्त ढकलायचे, तर दाब वाढणारच!

पण माणसाला आडवेच का निजवायचे? येथे पदार्थविज्ञान मदतीला येते. द्रवस्तंभाचा दाब म्हणजे उंची, घनता आणि गुरुत्वत्वरण यांचा गुणाकार. रक्त हाही द्रवच. त्याची घनता दर घनमीटरला सुमारे १०६० किलोग्रॅम. उभ्या माणसाच्या हृदयापासून पावलापर्यंतची उंची १.२ मीटर धरा आणि गणित करा. उत्तर सुमारे १२,५०० पास्कल, म्हणजे पाऱ्याचे ९४ मिलिमीटर येईल. हृदयाजवळच्या धमनीत सरासरी दाब असतो ९५ च्या आसपास. म्हणजे पावलात तो जवळजवळ दुप्पट झाला! आडवे झालो की हा जादा दाब नाहीसा होतो.

या दाबाने पायांतील शिरा फुगतात. उभे राहताच सुमारे अर्धा लिटर रक्त खाली उतरते आणि हृदयाकडे परतणारे रक्त घटते. मानेतील धमन्यांत दाबाची खबर घेणारे मज्जातंतू असतात. ते मेंदूला कळवतात. मग हृदयाचे ठोके वाढतात आणि रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. थोडक्यात, थंडीने जे व्हायचे त्यातले काही उभे राहण्यानेच आधी झालेले असते. म्हणून थंडीचा परिणाम मोजताना शरीराची स्थिती ठरवून घ्यावीच लागते.

हा फरक केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. थंड समुद्रात बराच वेळ तरंगत राहिलेल्या माणसाचा विचार करा. शरीर उभे असले, तरी त्याच १.२ मीटर उंचीत बाहेरच्या पाण्याचा दाबही पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटरांनी वाढतो. आतला आणि बाहेरचा दाब जवळजवळ बरोबरीत राहिल्याने रक्त पायांत साचत नाही. ते छातीकडे ढकलले जाते. शरीराला वाटते, रक्त जास्त झाले. मूत्रपिंडे पाणी बाहेर टाकतात आणि रक्ताचे आकारमान हळूहळू घटते.

अशा माणसाला दोराने सरळ उभा वर ओढला तर? पाण्याचा आधार क्षणात सुटतो, रक्त पायांत उतरते आणि गारठलेल्या हृदयाला वेग वाढवता येत नाही. माणूस बेशुद्ध पडतो. कधी सुटकेच्या क्षणीच दगावतो. म्हणून बचाव पथके शक्य असेल तेव्हा त्याला आडवे ठेवूनच उचलतात आणि वर घेतल्यावरही आडवेच ठेवतात.

आता तुमच्यासाठी एक सोपा प्रयोग. पाच मिनिटे स्वस्थ पडून राहा आणि मिनिटभर नाडी मोजा. मग उभे राहून पुन्हा मोजा. दोन आकड्यांत जो फरक पडेल, त्याचे कारण वर्गात समजावून सांगा. बर्फाचा प्रयोग मात्र रक्तदाबाचा किंवा हृदयाचा विकार असलेल्या कोणावरही करू नका.