कोटेशनमधला पगार

पुण्यातल्या घरकामाचा मागोवा घ्यायचा तर सुरुवात 1980पासून करावी लागते. त्या वर्षी शहरातल्या मोलकरणींनी आपणहून काम बंद ठेवलं. पगार वाढवा, आजारपणात पगार कापू नका, हक्काची सुट्टी द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. दिवाळीला एक पगार बोनस द्यायचा ही रीत आज पुण्यातल्या अनेक घरांत गृहीत धरलेली असते. ती रुजवण्यात त्या बायकांचा मोठा वाटा आहे.

पुढे घरंच बदलली. वाडे पडले, अपार्टमेंट उभी राहिली. शहाबादी फरशीच्या जागी मोझॅक आलं, मग मार्बल, मग व्हिट्रिफाइड. 1982 साली युरेका फोर्ब्स सुरू झाली आणि तिचे विक्रेते व्हॅक्यूम क्लीनर घेऊन दारोदार प्रात्यक्षिकं दाखवू लागले. रोजचा केर मात्र झाडूनेच निघत राहिला. 1997मध्ये पुण्यात बीव्हीजी ही सफाईची कंत्राटं घेणारी कंपनी सुरू झाली. अशा कंपन्यांनी कारखान्यांची, मोठ्या इमारतींची सफाई कंत्राटाने घ्यायला सुरुवात केली, आणि ‘हाउसकीपिंग’ हा शब्द हॉटेलातून बाहेर पडून सोसायट्यांच्या एजीएममध्ये येऊन बसला.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीतही तो असाच आला. त्याआधी जिने झाडणाऱ्या मावशींना सोसायटी थेट पगार द्यायची. त्या आजारी पडल्या की जिने तसेच राहायचे आणि सेक्रेटरीच्या दारात तक्रारी यायच्या. एजन्सी आल्यावर गणवेश आला, सुपरवायझर आला, हजेरीचं रजिस्टर आलं, खाडा झाला तर बदली माणूस येऊ लागला. ही सोय खरी आहे आणि ती मी कमी लेखणार नाही. पण पहिली काही वर्षं कमिटीत आम्ही एकच गोष्ट बघत होतो: तीन कोटेशन मागवायची आणि सर्वांत कमी दराचं मंजूर करायचं. बहुतेक सोसायट्यांत आजही हेच चालतं.

त्या काळातलं एक दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आमच्याकडे काम करणाऱ्या एका ताईंनी मोबाइल पुढे केला. ‘उमंग’ ॲपवर पीएफचं पासबुक उघडलेलं होतं. ‘‘दादा, दर महिन्याला कापतात, पण इथं काही दिसत नाही. तुम्ही बघा ना.’’ मी बघितलं. बऱ्याच महिन्यांच्या नोंदीच नव्हत्या. त्यांच्या पगारातून हिस्सा कापला जात होता, सोसायटीच्या बिलातही पीएफची ओळ होती, आणि पैसे खात्यात पोचत नव्हते.

त्या दिवसापासून कोटेशन वाचण्याची माझी पद्धत बदलली. हिशोब अवघड नाही. समजा, एका व्यक्तीचा पगार 15,000 रुपये. त्यावर मालकाच्या बाजूचा पीएफ खर्चासह 13 टक्के, म्हणजे 1,950. ईएसआय 3.25 टक्के, म्हणजे 488. बोनस 8.33 टक्के धरला तर 1,250. झाले 18,688. यात अजून रजेच्या दिवसांचा बदली माणूस नाही, फिनाईल-मॉप नाही, एजन्सीचा नफा नाही. वर 18 टक्के जीएसटी वेगळा. मग कुणी माणशी 16,000 रुपयांचं कोटेशन देत असेल, तर उरलेले पैसे येणार कुठून? ते झाडू मारणारीच्या पगारातूनच येतात. स्वस्त एजन्सीत काम वाईट होतं तेही त्यामुळेच. माणसं टिकत नाहीत, दर दोन महिन्यांनी नवा चेहरा, आणि प्रत्येकाला पाण्याची टाकी कुठे, लिफ्टची किल्ली कुणाकडे, हे पहिल्यापासून सांगायचं.

नंतरच्या करारांत आम्ही काही गोष्टी लेखी घेतल्या. पगार बँकेतच जमा व्हावा. बिलासोबत पीएफचं ईसीआर, म्हणजे महिन्याचं विवरणपत्र, जोडावं, कारण त्यात प्रत्येकाचं नाव आणि यूएएन, म्हणजे पीएफचा क्रमांक, असतो. नुसत्या चलनाच्या रकमेवरून काहीच कळत नाही. सामान काय, किती आणि किती दिवसांनी मिळेल, हेही लिहून घ्यावं. पूर्वी तळमजल्यापासून पाचव्यापर्यंत एकाच बादलीत, एकाच फडक्याने जिना पुसला जायचा. तिसऱ्या मजल्यापर्यंत पाणी काळंकुट्ट व्हायचं आणि त्याच पाण्याचे पट्टे वरच्या लाद्यांवर वाळायचे. दोष पुसणारीचा नव्हता, तिला दुसरी बादली दिलेलीच नव्हती. आता संडासाचा मॉप लाल, बाकीचा निळा, आणि दर मजल्याला पाणी बदलायचं. मार्बलवर ॲसिड बंद. चकाकी एकदा गेली की पॉलिशशिवाय परत येत नाही. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करायची नाही, त्यातून क्लोरीन वायू निघतो, हे आम्ही मराठीत लिहून स्टोअररूमच्या दारावर लावलं. आणि सफाई करणाऱ्यांना वापरायला सोसायटीतच एक स्वच्छ संडास उघडून दिला. यावर कमिटीत वाद झाला, याचं मला आजही वाईट वाटतं.

सेप्टिक टँकबद्दल तर तडजोडीला जागाच नाही. डिसेंबर 2019मध्ये गोवंडीत एका खासगी सोसायटीच्या टाकीत उतरलेले तीन कामगार गुदमरून गेले. माणसाला टाकीत उतरवून अशी घातक सफाई करून घ्यायला 2013च्या कायद्याने बंदी आहे, तरी हे घडलं. 2021मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या कुटुंबांना प्रत्येकी 10 लाख द्यायला लावले. 2023मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटार-सफाईतल्या मृत्यूंसाठी ही भरपाई 30 लाखांवर नेली. टाकी साफ करायची तर सक्शनची गाडीच बोलवावी.

इकडे घरकामाचंही चित्र बदलत होतं. 2008मध्ये राज्याने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. 2014मध्ये अर्बनक्लॅप आलं, 2020मध्ये त्याचं अर्बन कंपनी झालं, आणि सणाआधीचं ‘डीप क्लिनिंग’ मोबाइलवरून ठरू लागलं. 2025मध्ये मुंबईत तासाला 49 रुपयांत घरकामाला माणूस, अशी त्याच कंपनीच्या सुरुवातीच्या सवलतीची जाहिरात झळकली. तो आकडा वाचून मला ताईंचं पासबुक आठवलं. सवलत कंपनीच्या खिशातून जात असेल तर ठीक, पण ती एक दिवस संपते. तोवर ग्राहकाच्या मनात त्या कामाची किंमत 49 रुपये बसलेली असते.

तुमच्या सोसायटीचं हाउसकीपिंगचं कंत्राट बहुधा मार्चअखेरीस संपत असेल. नव्या कोटेशनमध्ये एजन्सीला एक तक्ता भरून द्यायला सांगा: प्रत्येक व्यक्तीच्या हातात किती, पीएफ-ईएसआय किती, सामान किती, नफा किती. जी एजन्सी तो भरणार नाही, तिचं कोटेशन बाजूला ठेवा. आणि सही करण्याआधी जिना पुसणाऱ्या ताईंना एकदा विचारा, गेल्या महिन्याचा पगार कधी झाला.