शत्रूचा पत्ता

चांदवडच्या आकाशात विमानाचा आवाज झाला तर बाजार समितीच्या आवारातला हमाल मान वर करून पाहत नाही. ओझरचा विमान कारखाना १९६४ साली निघाला, तेव्हापासून या बाजूच्या कानांना तो आवाज सवयीचा झाला आहे. मिग-२१ जातीची विमाने तेथे आपल्याच जिल्ह्यातल्या कामगारांच्या हातांखालून गेली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ही जात हवाई दलातून निवृत्तही झाली. आमची शाळा सातवीत सुटली; पुढे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर आणि हमाल-मापाऱ्यांच्या संघटनेचे काम करता करता. तेव्हा विमानविद्येवर बोलण्याचा आमचा अधिकार नाही, हे श्रोत्यांनी आधीच लक्षात घ्यावे. आम्ही जो विषय घेतला तो विमानात बसणाऱ्या माणसाचा. ज्याच्यावर त्याने नेम धरला, किंवा ज्याने त्याच्यावर धरला, त्या माणसाचा शोध तो पुढे म्हातारपणी का घेत बसतो, एवढाच आमचा प्रश्न आहे.

भूदलातील शिपायाला शत्रू निदान दिसतो. बाँबफेक्या विमानातील माणसाला खाली दिसतात त्या चौकोनी आकृत्या आणि धूर. समोरून येणारे लढाऊ विमानही पत्र्याचा तुकडाच; आत कोण आहे, त्याला मुले किती, हे कळायला मार्ग नाही. लढाई संपते, विमाने भंगारात जातात, आणि हा माणूस मात्र त्या न दिसलेल्या तोंडाचा विचार करीत राहतो.

या शोधाचे जगात गाजलेले उदाहरण चार्ली ब्राऊन या अमेरिकन वैमानिकाचे आहे. २० डिसेंबर १९४३ रोजी जर्मनीतील ब्रेमेन येथील विमान कारखान्यावर बाँब टाकण्यास तो निघाला. (विमान करणारे कामगार हेच लक्ष्य, ही गोष्ट ओझरच्या शेजारी राहणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.) वय एकवीस, विमानात त्याच्यासह दहा जण. तोफांनी आणि लढाऊ विमानांनी त्याच्या विमानाची चाळण केली. शेपटाकडचा तोफची मेला, बाकीचे बहुतेक जखमी. असे ते लंगडे विमान एका जर्मन तळावरून खालूनच गेले. तळावर फ्रान्झ स्टिगलर नावाचा वैमानिक आपल्या विमानात तेल भरून घेत होता. तो उडाला आणि मागून जवळ आला. पण बंदुकीचा खटका त्याने दाबला नाही. फुटलेल्या पत्र्यातून त्याला आतली माणसे दिसली. एकमेकांना सावरणारी जखमी माणसे पाहिल्यावर, पुढे त्याने सांगितले त्याप्रमाणे, त्यांच्यावर गोळी झाडणे हे छत्रीने उतरणाऱ्यावर गोळी झाडण्यासारखे त्याला वाटले. तो त्यांच्या बाजूबाजूने उडत राहिला, म्हणजे किनाऱ्यावरील जर्मन तोफा गप्प राहतील. आणि समुद्रावर पोहोचल्यावर सलाम करून परत फिरला. ही गोष्ट फुटती तर त्याला मृत्युदंड होता, म्हणून तो बोलला नाही. ब्राऊनलाही त्याच्या वरिष्ठांनी तोंड बंद ठेवावयास सांगितले.

ब्राऊनने शोध सुरू केला तेव्हा त्रेचाळीसेक वर्षे लोटली होती. लष्करी कागदपत्रे चाळून काही हाती लागले नाही. शेवटी जुन्या जर्मन वैमानिकांच्या एका पत्रिकेत त्याने निवेदन दिले, आणि १९९० साली कॅनडातून उत्तर आले. स्टिगलर तेथेच जाऊन राहिला होता. दोघे भेटले, भावांसारखे राहिले, आणि २००८ साली काही महिन्यांच्या अंतराने दोघेही वारले.

ही गोष्ट गोड आहे, आणि गोड आहे म्हणूनच आम्हांस ती थोडी पुरी पडत नाही. वाचलेल्याने वाचवणाऱ्याला शोधले, यात अवघड असे काही नाही. अवघड शोध उलट्या दिशेचा. तसा एक आपल्या शेजारी घडला आहे. पण त्याच्याकडे जाण्यापूर्वी एका मराठी वैमानिकाचे नाव घेतले पाहिजे. दिलीप परुळकर यांचे सुखोई-७ विमान १० डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानात पाडले गेले. रावळपिंडीच्या कैदेतून, भिंतीला भोक पाडून, १३ ऑगस्ट १९७२ च्या पहाटे ते ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या दोन साथीदारांसह निसटले. पेशावरवरून पुढे लंडी कोतलपर्यंत पोहोचले. अफगाण सरहद्द हाकेवर राहिली. तेथे त्यांनी लंडी खाना या ठिकाणी कसे जावे, असे विचारले. नकाशात ते रेल्वेचे स्टेशन होते; गाडी मात्र कित्येक वर्षांपूर्वी बंद झालेली. ज्या स्टेशनाचे नावही स्थानिक माणूस घेत नाही ते विचारणारे हे कोण, असा संशय येऊन तिघे पकडले गेले. टोळ्यांच्या मुलखात हेर म्हणून गोळी बसण्याचाच प्रसंग. परुळकरांनी पाकिस्तानी हवाई दलातील उस्मान हमीद या अधिकाऱ्याला फोन लावण्याचा हट्ट धरला. कैदेत त्याची ओळख झाली होती, आणि तो आता हवाई दलप्रमुखांचा एडीसी होता. हे आमचेच कैदी, यांना सांभाळा, असे त्याने कळविले, आणि तिघांचे प्राण वाचले. १ डिसेंबर १९७२ रोजी ते भारतात परतले. परुळकर ऑगस्ट २०२५ मध्ये वारले. शत्रूपैकी एकाचे नाव ठाऊक असणे, एवढेच त्या दिवशी उपयोगी पडले.

आता तो अवघड शोध. बळवंतराय मेहता हे नाव पंचायत समितीच्या आवारात पाय ठेवलेल्या प्रत्येकाने ऐकलेले आहे. १९५७ सालच्या त्यांच्या समितीच्या शिफारशींवर देशातील पंचायत राज्य उभे राहिले. आपल्या जिल्हा परिषदा १९६२ साली आल्या त्यांचे मूळही तेथेच. ते १९६३ पासून गुजरातचे मुख्यमंत्री होते. १९ सप्टेंबर १९६५ रोजी, युद्ध चालू असताना, मिठापूरहून कच्छच्या सरहद्दीकडे त्यांचे छोटे बीचक्राफ्ट विमान निघाले. चालविणारे जहांगीर इंजिनियर. ज्या पारशी घरातील अस्पी इंजिनियर हवाई दलाचे प्रमुख झाले, त्या घरातीलच हे भाऊ, स्वतःही हवाई दलात नोकरी केलेले. विमानात मुख्यमंत्र्यांच्या पत्नी सरोजबेन, कर्मचारी, एक वार्ताहर असे मिळून आठ जण.

कराचीजवळच्या मौरीपूर तळावरून कैस हुसेन हा पंचविशीतला वैमानिक सेबर विमान घेऊन त्यांच्यावर पाठविला गेला. जवळ गेल्यावर त्याला दिसले की हे नागरी विमान आहे. भारतीय नागरी विमानांवर असतात ती 'व्हीटी' ही अक्षरे त्याने वाचली आणि खाली कळविली. परत ये, असे उत्तर येईल अशी त्याची अपेक्षा होती. बीचक्राफ्टने पंख हलवून दयेची खूण केली. तीन-चार मिनिटे गेली. मग हुकूम आला, पाडा. त्याने पाडले. सुथरी गावाजवळ विमान कोसळले, आठही जण गेले. आत कोण होते हे त्याला त्या संध्याकाळी आकाशवाणीच्या बातम्यांतून कळले.

त्या तीन-चार मिनिटांपाशी आम्ही पुष्कळ वेळा थांबलो आहोत. हे विमान टेहळणीला आले असावे, नवी आघाडी उघडण्याची ही तयारी असावी, असा खालच्यांचा तर्क होता. तर्क करणारा जमिनीवर, आणि पाहणारा आकाशात. पाहणाऱ्याने जे पाहिले ते सांगितले, आणि तर्क करणाऱ्याचे चालले. कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाला ही रचना अनोळखी नाही. आमच्याच एका संपात बाहेरून मजूर आणले गेले. त्यांच्या गाड्या अडवा, असे आम्ही खोलीत बसून सांगितले. नाक्यावरच्या पोरांपैकी एकाने निरोप पाठविला की गाडीत म्हातारी माणसे आहेत, काय करू? आम्ही म्हटले, ठरले ते ठरले. त्या धक्काबुक्कीत एका मजुराचा हात मोडला. तो येवल्याच्या बाजूचा होता एवढे कळले. त्याला पाहायला गेला तो नाक्यावरचा पोरगा, चार केळी घेऊन. आम्ही गेलो नाही. संप जिंकला, सत्कारही झाला. असो.

कैस हुसेन यांनी २०११ च्या ऑगस्टमध्ये पत्र लिहिले, म्हणजे छेचाळीस वर्षांनी. कैसर तुफेल या पाकिस्तानी हवाई दलातील निवृत्त अधिकाऱ्याने त्या घटनेवर त्याच वर्षी लेख लिहिला होता. तो वाचून हुसेन यांनी मृत वैमानिकाच्या घरच्यांचा पत्ता काढण्याचे मनावर घेतले. भारतातील विमान-इतिहासाच्या अभ्यासकांनी पत्ता मिळवून दिला, आणि जहांगीर इंजिनियर यांच्या कन्येला पत्र गेले. त्यात त्यांनी घडले ते क्रमाने सांगितले, आपण हुकमाप्रमाणे वागलो हे लिहिले, आणि तरीही गेलेल्या जिवांबद्दल दुःख व्यक्त केले. शक्य असते तर समोर येऊन हेच बोललो असतो, असेही लिहिले.

काही जणांनी त्यावर तेव्हा टीका केली की हुकमाचे नाव पुढे करून ही सुटका करून घेणे आहे. आम्हांस ते पटत नाही. सुटका हवी असणारा माणूस गप्प बसतो. छेचाळीस वर्षे कोणी विचारायला आले नव्हते, यापुढेही आले नसते.

कन्येने काही दिवसांतच उत्तर दिले. वडिलांच्या मृत्यूने आपल्या घराचे सगळे आयुष्य बदलले, हे तिने झाकले नाही. पण ज्याने खटका दाबला त्याच्याविषयी घरात कोणी कधी कडवटपणा बाळगला नाही, आणि युद्धाच्या या खेळात आपण सगळी प्यादीच, असा तिच्या लिहिण्याचा आशय होता. पहिले पत्र लिहायला धैर्य लागले असेल, हेही तिने मान्य केले. दोन्ही देशांतील वर्तमानपत्रांनी ही पत्रे छापली.

आम्ही ती मराठीत करून एका दुपारी, लिलाव संपल्यावर, हमालांना वाचून दाखविली. एका म्हाताऱ्या मापाऱ्याने विचारले, "पत्ता मिळायला इतकी वर्षं लागली व्हय?" आम्ही म्हटले, पत्ता मिळायला काही महिनेच लागले. तो काही बोलला नाही. उठून काट्यावरची धूळ पुसू लागला. समोर संपातल्या त्या नाक्यावरचा पोरगा बसला होता. आता त्याचेही केस पिकले आहेत. तो आमच्याकडे पाहत होता.