साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यावर दिवाळीची आतषबाजी

आतषबाजीच्या फोटोंसाठी महागडा डीएसएलआरच हवा असं काही नाही. कपाटात पडलेला जुना कॉम्पॅक्ट कॅमेरा बाहेर काढा!

✅ सीन मोडमध्ये 'फायरवर्क्स' शोधा. बऱ्याच कॅमेऱ्यांत तो असतो. त्यात फोकस लांबवर स्थिर होतो, फ्लॅश बंद होतो आणि शटर काही सेकंद उघडं राहतं. म्हणूनच ठिणग्यांचे ठिपके न येता लांब रेषा उमटतात.

✅ मोड नसेल तर फ्लॅश बंद, आयएसओ १००, फोकस डोंगराच्या चिन्हावर आणि जमल्यास शटर २ ते ४ सेकंद.

✅ ट्रायपॉड नसेल तर गच्चीच्या कठड्यावर तांदळाची पुरचुंडी ठेवून त्यावर कॅमेरा टेकवा. २ सेकंदांचा सेल्फ-टायमर लावा, म्हणजे बटण दाबताना कॅमेरा हलणार नाही. रॉकेट सुटताक्षणी बटण दाबा.

✅ फोटोनंतर कॅमेरा काही सेकंद अडकल्यासारखा वाटला तर घाबरू नका, तो नॉइज कमी करत असतो.

✅ वारा पाठीमागून येईल अशी जागा धरा. सुरुवातीची रॉकेटं चुकवू नका, नंतर धुराने आकाश गढूळ होतं.

डिजिटल झूम मात्र वापरू नका. आणि बॅटरी आजच चार्ज करून ठेवा!