पुलाच्या पायाशी

सप्टेंबर २०२५ च्या महापुरात सीनेने लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग अडविला. पाणी ओसरले, वाहने पुन्हा धावू लागली आणि पुलाचा विषय आम्हां नागरिकांच्या मनातून तेथेच संपला. वास्तविक तो तेथून सुरू व्हावयास हवा.

पुराचे पाणी खांबावर आदळले की त्याचा काही भाग तळाकडे वळतो, भोवऱ्याच्या रूपाने खांबास वेढा घालतो आणि पायालगतची वाळू उकरून नेतो. पूर उतरू लागला म्हणजे मंदावलेला प्रवाह त्याच खड्ड्यात सैल वाळू आणून टाकतो. वरून पाहणाऱ्यास पाया जैसे थे दिसतो! अभियंत्यांस ही लबाडी ठाऊक नाही असे नव्हे. पाया किती खोल न्यावा याचा हिशेब खांबालगतची धूप धरूनच होतो. परंतु वाळूच्या बेसुमार उपशाने पात्राचा तळच खाली गेला, तर तो हिशेब काय कामाचा?

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल कोसळून दोन एस. टी. गाड्या उतारूंसह वाहून गेल्या. कारणांच्या वादात आम्ही शिरत नाही; त्या रात्रीपर्यंत पुलावरून महामार्गाची रहदारी चालू होती, एवढेच ध्यानी घ्यावे.

भीमा व सीनेवरील प्रत्येक पुलाच्या खांबांलगत पात्राची खोली भर पुरातच ध्वनियंत्राने मोजली जावी. पुरानंतर गज खुपसून पाहिला तरी सैल भराव हातास कळतो. संबंधित खात्यांनी हे आकडे पुढील पावसाळ्यापूर्वी प्रसिद्ध करावेत, आणि पुलांजवळचा वाळूउपसा आजच बंद पाडावा.