साखर सोडली की ब्रेस्ट कॅन्सरची गाठ उपाशी मरते का?

ब्रेस्ट कॅन्सरचं निदान झालं की भेटायला येणारा प्रत्येकजण आहारतज्ज्ञ होतो. सोयाबीन घरात आणू नका, हळदीच्या कॅप्सूल सुरू करा. आणि व्हॉट्सॲपवरचा सगळ्यात लाडका सल्ला म्हणजे साखर बंद करा, कारण कॅन्सर साखरेवरच जगतो.

याचं मूळ खोटं नाही. जर्मन शास्त्रज्ञ ओट्टो वारबुर्ग यांनी 1920च्या दशकात दाखवलं की कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज बेसुमार वापरतात. पेट स्कॅन याच गुणावर चालतो. ग्लुकोजसारखा किरणोत्सारी पदार्थ शिरेतून देतात आणि तो जिथे जास्त साचतो, ती जागा स्कॅनमध्ये उठून दिसते.

गडबड यापुढे होते. भाकरी, भात, बटाटा, केळं यांचंही शेवटी ग्लुकोजच होतं. तेही सोडलं, तर यकृत प्रथिनांपासून ग्लुकोज बनवतं, कारण मेंदूला आणि तांबड्या पेशींना ते लागतंच. त्यासाठी स्नायू झिजतात. म्हणजे गाठीचं पोषण तुटत नाही, पेशंट मात्र खंगते.

केमोथेरपीत हे महागात पडतं. मळमळ, तोंड येणं, चव जाणं यामुळे जेवण आधीच कमी झालेलं असतं. अशक्तपणा फार वाढला, तर पुढचा डोस कमी करावा किंवा लांबवावा लागू शकतो. अशा दिवसांत मऊ खिचडी, वरण-भात, उकडलेलं अंडं, जे पोटात टिकेल ते खाल्लेलं बरं. चहातल्या चमचाभर साखरेवरून घरात भांडण नको.

मग गोड हवं तेवढं खायचं? तसंही नाही. या आजाराच्या उपचारांत अनेकींचं वजन उलट वाढतं. पाळी गेल्यानंतर शरीरातली चरबी इस्ट्रोजेन तयार करते आणि ब्रेस्ट कॅन्सरच्या बहुतेक गाठी याच हार्मोनवर वाढतात. कोल्ड्रिंक, मिठाई, बेकरीचे पदार्थ कमी करायचे ते यासाठी. डायबेटिस असेल तर जास्तच जपायला हवं, कारण केमोसोबतची स्टेरॉइड्स साखर वाढवतात.

सोयाबीनची भीतीही टिकत नाही. शांघायमधल्या 5,042 पेशंट महिलांचा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. आहारात सोया जास्त असलेल्यांमध्ये कॅन्सर उलटण्याचं प्रमाण कमी दिसलं. हे सोयामुळेच झालं असं त्यातून सिद्ध होत नाही, पण अपाय दिसला नाही.

हळदीचं मात्र उलट आहे. भाजीतली हळद ठीक. कॅप्सूलमधल्या मोठ्या मात्रेमुळे टॅमॉक्सिफेन या गोळीचं रक्तातलं प्रमाण घटू शकतं. घरात अशी डबी असेल, तर पुढच्या अपॉइंटमेंटला ती ऑन्कोलॉजिस्टना दाखवा.