बारीक अक्षरांतले नाव
मास्तर कृष्णराव आणि त्यांच्या चालींच्या ध्वनिमुद्रिका

छत्रपती संभाजीनगरहून सिल्लोडच्या रस्त्याने अजिंठ्याकडे निघाले की वाटेत फुलंब्री लागते. या गावाचे नाव मराठी संगीतात एका आडनावामुळे पोहोचले. कृष्णराव गणेश फुलंब्रीकर, म्हणजे मास्तर कृष्णराव. त्यांचा जन्म आळंदीचा, २० जानेवारी १८९८ चा. पुढचे आयुष्य पुण्यात आणि नाटक कंपन्यांच्या बिऱ्हाडांत गेले. फुलंब्री उरली ती आडनावापुरतीच. तरी मास्तरांच्या चाली ऐकत गेले की त्या आपल्या मुलुखाला पुन्हा पुन्हा येऊन भिडतात.

या चाली शोधायच्या कुठे, हीच पहिली अडचण. जुन्या तबकडीवरचे लेबल पाहावे तर वर कंपनीची खूण, मग ठळक अक्षरांत गाणाऱ्याचे नाव, त्याखाली गाण्याचे पहिले शब्द आणि नाटकाचे किंवा चित्रपटाचे नाव असते. चाल कोणाची, हे असलेच तर बारीक अक्षरांत. संग्राहकही गायकांच्या नावाने कपाटे लावतात. त्यामुळे ‘कशाला उद्याची बात’ शांता हुबळीकरांच्या खणात जाते, ‘बोला अमृत बोला’ ज्योत्स्ना भोळ्यांच्या, आणि ‘धर्मात्मा’तली पदे बालगंधर्वांच्या. तिन्हींमागे एकच माणूस आहे, हे कपाट सांगत नाही. मास्तरांच्या स्वतःच्या गळ्यातल्या मुद्रिका तेवढ्या त्यांच्या नावावर राहतात. गायक म्हणून ते थोर होतेच, पण त्यांचे निम्मे काम दुसऱ्यांच्या आवाजात आहे.

त्यांचे गुरू भास्करबुवा बखले यांची गोष्ट याहून कठीण. त्यांच्या आवाजाची एकही ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. १९२२ साली ते गेले तेव्हा ध्वनिमुद्रणाचा धंदा हिंदुस्थानात येऊन वीस वर्षे झाली होती. गोहरजानचा आवाज १९०२ सालीच कोलकात्यात तबकडीवर चढला होता. बुवांचे गाणे आज ऐकायचे तर ‘स्वयंवर’च्या (१९१६) चालींमधून, म्हणजे बालगंधर्वांच्या गळ्यातून आणि शिष्यांच्या गायकीतून. गाणारा गेला, पण चालीत राहिला. गुरूच्या बाबतीत आपण हे अंदाजाने ऐकतो. शिष्याच्या बाबतीत तसे करावे लागत नाही. मास्तरांचा आवाजही आहे आणि त्यांच्या चाली म्हणणारे इतर आवाजही. दोन्ही शेजारी ठेवून ऐकता येतात, पण अशा रीतीने ऐकणारे थोडे.

दहा इंची तबकडी मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेते आणि एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटे वाजते. पहिल्या काळात गायकाला भोंग्यासमोर तोंड आणून गावे लागे. विजेच्या साह्याने, मायक्रोफोन लावून ध्वनिमुद्रण होऊ लागले ते १९२५ नंतर. तासभर राग मांडणाऱ्याला ही तीन मिनिटे म्हणजे शिक्षाच. अनेक मोठ्या गायकांच्या तबकड्यांत ती घाई जाणवते: मुखडा झाला न झाला तोच तानांची झोड, आणि शेवट कापल्यासारखा. मास्तरांची गायकी मुळातच चपळ आणि खेळकर. बोलाशी लडिवाळपणे वागायचे, एखादी अनपेक्षित जागा घ्यायची आणि हसत समेवर यायचे. तीन मिनिटांत हे सगळे मावते. जाणकारांतले काही जण या गायकीला हलकी म्हणत आले आहेत. मला तसे वाटत नाही. थोडक्यात राग उभा करायला रागाची ओळख अधिक पक्की लागते, आणि ‘रागसंग्रह’चे सात भाग लिहिणाऱ्या, मंगल तोडी आणि तिलक केदार यांसारखे राग घडवणाऱ्या माणसापाशी ती होती.

या आटोपशीरपणाचा खरा उपयोग झाला तो ‘कुलवधू’मध्ये. गंधर्व नाटक मंडळीच्या काळात पद रंगले की ‘वन्स मोअर’ पडत आणि रात्र सरत असे. तबकडीवर त्या पदाचा केवळ सांगाडा येई. मो. ग. रांगणेकरांच्या ‘नाट्यनिकेतन’ने १९४२ मध्ये ‘कुलवधू’ आणले तेव्हा नाटक आटोपशीर झाले होते आणि पदे मोजकी. मास्तरांनी त्यांच्यासाठी बांधलेल्या चाली मुळातच लहान, पण पूर्ण आहेत. म्हणून ज्योत्स्नाबाईंची भैरवीतली तबकडी ऐकताना काही कापले गेल्याची रुखरुख लागत नाही. नाट्यगीत भावगीताच्या जवळ आले ते याच वळणावर, असे माझे मत आहे.

‘प्रभात’मध्ये मास्तर गेले ते नाटकाचा दिमाख बाजूला ठेवून. ‘धर्मात्मा’ (१९३५) हा आपल्या पैठणच्या एकनाथांवरचा चित्रपट. आधी त्याचे नाव ‘महात्मा’ होते, पण सेन्सॉरला ते गांधीजींच्या उपाधीमुळे रुचले नाही. नाथांच्या भूमिकेत बालगंधर्व, अस्पृश्यतेचा विषय आणि संगीत मास्तरांचे. स्त्रीभूमिकांत मुरलेला तो गळा संतपुरुषाच्या तोंडी बसवायचा होता. पुढे ‘अमरज्योती’, ‘गोपाळकृष्ण’ आणि ‘शेजारी’ आले. ‘माणूस’मध्ये (१९३९) शांता हुबळीकरांच्या मैनाने निरनिराळ्या भारतीय भाषांतल्या ओळी गुंफलेले ‘कशाला उद्याची बात’ म्हटले. चाल वरवर उडती आहे. पण म्हणणारीला उद्या नाहीच, हे ठाऊक असल्याने ती ऐकताना घशात आवंढा येतो. दुःखाला रडकी चाल द्यायची नाही, हा मास्तरांचा निर्णय होता, आणि तो शंभर टक्के बरोबर होता.

‘वंदे मातरम्’चे प्रकरण मराठवाड्याने तरी विसरू नये. १९३८ साली निजामाच्या राज्यात, इथल्या इंटरमीजिएट कॉलेजात आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात, हे गीत म्हणण्यावर बंदी आली. विद्यार्थी हटले नाहीत, त्यांची नावे कमी झाली, आणि पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. तिकडे ब्रिटिश अमलातल्या मुंबई नभोवाणीवर मास्तर हेच गीत म्हणू लागले तेव्हा त्यांचा आवाज मध्येच बंद करण्यात आला. त्यांनी नभोवाणीवर गाणे सोडले. स्वातंत्र्य येईपर्यंत ते परत गेले नाहीत.

मास्तरांनी या गीताला झिंझोटी रागात चाल दिली. हेतू साधा होता: जमावाला एका सुरात म्हणता यावे आणि बँडवर वाजवता यावे. हे गीत बँडवर बसत नाही, असा नेहरूंचा आक्षेप होता. मास्तरांनी मुंबईच्या नौदल बँडच्या प्रमुखाची मदत घेऊन तशी स्वरलिपी करून घेतली आणि घटना परिषदेच्या सदस्यांना चाल ऐकवली. २४ जानेवारी १९५० रोजी ‘जन गण मन’ राष्ट्रगीत ठरले आणि ‘वंदे मातरम्’ला बरोबरीचा मान मिळाला. आज सकाळी आकाशवाणीवर जे ऐकतो ते देस रागातले आहे, चाल वेगळी. मास्तरांची झिंझोटी मुद्दाम शोधून ऐकावी लागते. ऐकल्यावर लक्षात येते की तिच्यात गायकाने मिरवावे अशी एकही जागा त्यांनी ठेवलेली नाही. असे गाणाऱ्यांच्या घराण्यातल्या माणसाला किती जड गेले असेल, याचा अंदाज तानपुरा हाती घेतलेल्यालाच येईल.

तोच संयम बुद्धवंदनेत आहे. बाबासाहेब आंबेडकरांच्या इच्छेवरून मास्तरांनी पाली वंदनेला चाल दिली आणि तिची ध्वनिमुद्रिका निघाली. बाबासाहेबांनी १९५० मध्ये आपल्या शहरात मिलिंद महाविद्यालय काढले. नागसेनवनातली ती झाडे अजून उभी आहेत. पालीचे उच्चार मोडू न देता, बिनतालीम माणसाला सहज म्हणता येईल अशी स्वरांची ठेवण ही बांधायला अवघड गोष्ट. अभंग, नाट्यपद, चित्रपटगीत आणि वंदना अशा चारही ठिकाणी सहज वावरलेला असा दुसरा संगीतकार मला त्या पिढीत दिसत नाही. १९७१ मध्ये मास्तरांना पद्मभूषण मिळाले. २० ऑक्टोबर १९७४ रोजी ते गेले.

या मुद्रिकांचे पुढे काय? त्या लाखेच्या आहेत, हातातून निसटल्या की गेल्याच. बऱ्याच आता संगणकावर चढल्या आहेत, पण तिथेही नोंद गायकाच्या नावाने, लेबल पाहून केलेली. म्हणून वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर फोनोच्या पेटीसोबत तबकड्या पडल्या असतील, तर एवढे करावे: दोन्ही बाजूंच्या लेबलांची छायाचित्रे घ्यावीत, लेबलालगत गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला क्रमांकही टिपून घ्यावा, आणि गाणे ओळखीचे असेल तर चाल कोणाची ते शोधून वहीत लिहून ठेवावे. तबकड्या आडव्या न रचता उभ्या ठेवाव्यात. पुसायला मऊ फडके आणि जेमतेम ओलावा पुरतो, पण लेबल भिजू देऊ नये. स्पिरिट मात्र चुकूनही लावू नये. त्यात लाख विरघळते.