सकाळच्या बातम्या आणि मणिबेली

■ मुंबई दूरदर्शन : सुरुवात २ ऑक्टोबर १९७२.
■ दूरदर्शनचे सकाळचे प्रसारण : २३ फेब्रुवारी १९८७ पासून.
■ मणिबेली : अक्कलकुवा तालुका, नर्मदाकाठ. सरदार सरोवर धरणाच्या पाण्याखाली गेलेले महाराष्ट्रातील पहिले गाव.
■ जागतिक बँक : १९८५ मध्ये या प्रकल्पासाठी ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर; प्रकल्पाची पाहणी करणाऱ्या मोर्स समितीच्या अहवालानंतर (१९९२) उरलेले कर्ज मार्च १९९३ मध्ये रद्द.
■ मणिबेली जाहीरनामा (१९९४) : मोठ्या धरणांना बँकेने पैसा देणे थांबवावे, ही ४४ देशांतील ३२६ संस्था-संघटनांची मागणी.
■ माहितीपट : ‘अ नर्मदा डायरी’ (१९९५), आनंद पटवर्धन, सीमंतिनी धुरू.

सकाळचे कार्यक्रम येतात, बंद पडतात. मणिबेलीसारख्या गावांतील विस्थापितांची बातमी मात्र पुनर्वसन पूर्ण होईपर्यंत दाखवत राहिलेच पाहिजे.